डुंगरीच्या स्टेशनावर उतरलेला माणूस

रिचर्ड ॲटनबरोंचा ‘गांधी’ मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत, गांधी जयंतीला. एका खोलीच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला, भिंतीवर प्रोजेक्टर आणि खाली आम्ही साठ-सत्तर पोरं. सिनेमा तीन तासांहून मोठा, त्यामुळे सरांनी तो पळवत पळवत दाखवला. धारासणाचं दृश्य मात्र त्यांनी पूर्ण चालू दिलं. सत्याग्रह्यांची एक रांग पुढे येते, लाठ्या पडतात, माणसं कोसळतात. बाया त्यांना ओढून बाजूला नेतात आणि पुढची रांग येते. पुन्हा लाठ्या, पुन्हा ओढून नेणं. कोणी हात वर करत नाही. खोलीतल्या गलक्याचा आवाज हळूहळू बंद झाला होता, एवढं मला पक्कं आठवतं.

नंतर मी अभियांत्रिकी केली, पुण्यात नोकरीला लागलो, मग लॅपटॉप घेऊन पुसदला घरी येऊन बसलो. या काळात तो सिनेमा चार-पाच वेळा तरी पाहिला असेल. दर वेळी धारासणाशी थांबतो आणि दर वेळी त्या दृश्यातला एक माणूस मला जास्त जास्त खुपत जातो. मार खाणारा नव्हे, मारणाराही नव्हे. बाजूला उभा राहून बघणारा, आणि नंतर टेलिफोनवर ओरडून जगाला सांगणारा वार्ताहर.

सिनेमात त्याचं नाव व्हिन्स वॉकर. मार्टिन शीनने ती भूमिका केली आहे. वॉकर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा आहे, दक्षिण आफ्रिकेत तरुण गांधींना भेटून गेलेला आहे, पुढे मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी पुन्हा उगवतो. असा एकच माणूस प्रत्यक्षात नव्हता. जॉन ब्रायली यांनी पटकथेच्या सोयीसाठी तो रचला. पण धारासणापुरता त्याच्यामागे एक खराखुरा माणूस आहे: युनायटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा वेब मिलर. 21 मे 1930 रोजी धारासणात हजर असलेला तो एकटा परदेशी वार्ताहर. त्याची बातमी जगभरच्या 1,350 वर्तमानपत्रांत छापून आली आणि जॉन ब्लेन या सिनेटरने ती अमेरिकी सिनेटच्या नोंदीत वाचून घातली.

पटकथेला वॉकर का लागला, हे समजायला फार कष्ट पडत नाहीत. 5 मेला गांधींना अटक झाली होती. त्यांच्यानंतर अब्बास तय्यबजींनाही पकडलं. सरोजिनी नायडू पुढे झाल्या. म्हणजे या तीन तासांच्या चरित्रपटातलं सगळ्यांत जबरदस्त दृश्य नायकाशिवायचं आहे. बेन किंग्सले तिथे नाही. सरोजिनींची जागाही पडद्यावर दुसऱ्यानेच घेतली आहे. मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण आधी भेटलेलो नाही, नंतरही भेटणार नाही. मग प्रेक्षकाने धरायचं कोणाला? ओळखीचा चेहरा हवा. तो वार्ताहराचा. वाईट वाटेल त्याच्या चेहऱ्यावर, संताप दिसेल त्याच्या डोळ्यांत, आणि या सगळ्याचा अर्थ काय हेही तोच फोनवर सांगणार: पश्चिमेकडे जो काही नैतिक अधिकार होता तो आज इथे संपला. दृश्य बघून आपल्याला जे वाटायला हवं, ते त्याच्याकडून आपल्याला तयार मिळतं.

मला हे वाईट वाटलं नसतं, मिलरचं ‘आय फाउंड नो पीस’ हे 1936चं पुस्तक वाचलं नसतं तर. त्यातला धारासणाचा भाग सिनेमापेक्षा अवघड आहे.

मिलर डुंगरी नावाच्या बारक्या स्टेशनावर उतरतो. पुढे जायला वाहन नाही. इंग्रजी समजणारं कोणी नाही. तो ‘धारासणा’ एवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो आणि क्षितिजाकडे बोट दाखवतो. लोक त्याला वाट दाखवतात. मग निवडुंगाची कुंपणं, शेतं आणि धुळीतून, सँडविचचं पुडकं आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन, दिसेल त्याला विचारत तो सहाएक मैल चालतो. सिनेमात यातलं काहीच नाही. वॉकर जणू आकाशातून बरोबर जागेवर उतरला आहे.

तिथे पोचल्यावर तो जे बघतो ते आपण पडद्यावर बघतो, जवळजवळ तसंच. सुमारे अडीच हजार सत्याग्रही, समोर चारेकशे देशी पोलीस, त्यांच्यावर मूठभर इंग्रज अधिकारी. पण मिलर एक गोष्ट कबूल करतो, ती वॉकर कधीच करणार नाही. आपल्याला हतबल संताप आला, तो पोलिसांवर आला, आणि मुकाट्याने मार खाणाऱ्यांवरही जवळजवळ तेवढाच आला, असं तो लिहितो. गांधींच्या बाजूची सहानुभूती घेऊन भारतात आलेला माणूस हे लिहितो. हे वाचून मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं थोडा वेळ. कारण शाळेतल्या त्या अंधाऱ्या खोलीत मलाही तेच वाटलं होतं. अरे, हात तरी वर करा! आणि ते वाटलं म्हणून लाजही वाटली होती. सिनेमाने वॉकरला ही लाज दिली असती, तर तो साक्षीदार झाला असता. आत्ता तो दूत आहे.

पुढे मिलर जखमींच्या तात्पुरत्या दवाखान्यात जातो आणि मोजतो. 320 जखमी, त्यातले अनेक बेशुद्ध, दोघे मेलेले. मी दिवसभर लॉग वाचणारा माणूस आहे, त्यामुळे मला हे मोजणं भिडतं. भयंकर काही बघितल्यावर विशेषणं सुचतात. मिलर तीही वापरतो. अठरा वर्षांत बावीस देशांत वार्तांकन करूनही असं बघितलं नव्हतं, असं तो म्हणतो. पण आधी खाटांमधून फिरून आकडा घेतो. सिनेमात मोजणी नाही. खरं तर पडद्यावर ते किती साधं झालं असतं: एक माणूस वही घेऊन ओळीने चालतो आहे, बस.

आणि मग ती तार. सिनेमात वॉकर बोलतो आणि बातमी पोचते. फोन उचलला की पलीकडे अमेरिका. प्रत्यक्षात मिलरचा मजकूर इथल्या सरकारी तारयंत्रणेने अडवला. सेन्सॉरशिप उघडी पाडीन अशी धमकी दिल्यावर तो गेला. माझ्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या महिन्यात शिकवतात की निरोप पाठवणं आणि निरोप पोचणं या दोन वेगळ्या घटना आहेत, पोच आल्याशिवाय पोचला असं धरायचं नाही. साम्राज्य कसं चालतं हे दाखवायची यापेक्षा चांगली संधी पटकथेला मिळाली नसती. एका टोकाला लाठी, दुसऱ्या टोकाला तारखात्यातला कारकून. ॲटनबरोंनी लाठी ठेवली आणि कारकून काढला. त्यामुळे सत्य बोललं की ते आपोआप पसरतं, असा एक गोड समज प्रेक्षक घरी घेऊन जातो.

त्याच महिन्यांत इथल्या पत्रकारांचं काय चाललं होतं? एप्रिलच्या शेवटी प्रेस वटहुकूम निघाला होता, छापखान्यांकडून जामीन मागितले जात होते. गांधींचा नवजीवन छापखाना जप्त झाला आणि ‘यंग इंडिया’ सायक्लोस्टाइलवर निघू लागला. मिलरच्या धमकीला वजन होतं, कारण तो अमेरिकी होता. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या संपादकाने तीच धमकी दिली असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

इथून आता मला यवतमाळ जिल्ह्यात यावं लागेल, कारण हा सिनेमा मी इथे बसून बघतो.

वऱ्हाडाला समुद्र नाही. तरी 1930च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं. पण मिठाचा कायदा मोडून मोडून किती मोडणार? पावसाळा लागला, तेव्हा लोकांना रोज छळणारा कायदा निवडला गेला, तो म्हणजे जंगलाचा. राखीव जंगलातलं गवत परवानगीशिवाय कापायचं नाही. ज्याच्या दावणीला चार गुरं आहेत, त्याला या कायद्याचा अर्थ समजावून सांगायला नेता लागत नव्हता. 10 जुलै 1930 रोजी, धारासणानंतर बरोबर पन्नास दिवसांनी, वणीचे लोकनायक बापूजी अणे पुसदच्या राखीव जंगलात गेले आणि त्यांनी विळ्याने गवत कापलं. अटक झाली, शिक्षा झाली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा घेतली. सरकारदरबारी हा गुन्हा चोरीचा होता. गवताची चोरी.

पुसदला वेब मिलर आला नव्हता. आला असता तर त्याला बातमी दिसली असती की नाही, याचीही मला शंका आहे. एक वकील वाकून गवत कापतो आहे, वनखात्याची माणसं बघताहेत, आजूबाजूला गावकरी. डोकी फुटत नाहीत, ओळी कोसळत नाहीत. पडद्यावर घ्यायचं तर दिग्दर्शक काय करेल? पार्श्वसंगीत वाढवेल. पण माझ्या आजोबांच्या पिढीला कायदा म्हणजे काय हे कळलं ते त्या गवतामुळे, दांडीमुळे नव्हे. आबा जंगलाच्या गार्डला शेवटपर्यंत ‘गारडसाहेब’ म्हणायचे आणि तो गेला की ज्या आवाजात पुढचं वाक्य बोलायचे, ते इथे लिहिता येणार नाही.

मग यवतमाळला वार्ताहर आले, पण 75 वर्षांनी, आणि क्रांतीसाठी नव्हे.

2006 साली मी चौथीत होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंच्या नवऱ्याने कापसाच्या कर्जापायी औषध घेतलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक जीप आली. ड्रायव्हर यवतमाळकडचा होता. काच खाली करून त्याने मला विचारलं, “काय रे पोट्ट्या, त्या घटनेचं घर कोनतं?” मी बोट दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, जीपच्या पुढे पळत गेलो. मला आपण फार महत्त्वाचं काम करतो आहोत असं वाटत होतं. आतून उतरलेल्या माणसांच्या गळ्यात कॅमेरा होता. काकू त्यांच्याशी तासभर बोलल्या: बियाणं कोणत्या कृषी केंद्रातून उधार आणलं, पहिली पेरणी कशी उलटली, बोअरला किती पैसे गेले, कापूस व्यापाऱ्याने काय भावाने नेला. मी दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकलं.

आठवड्याने पेपर आला. कोणीतरी मला वाचायला सांगितलं, मी वाचणारा म्हणून प्रसिद्ध होतो. काकूंचा फोटो होता, मोठा. जिल्ह्यातल्या आत्महत्यांचा आकडा होता. काकूंनी सांगितलेलं काहीच नव्हतं. त्यांच्या तोंडी एक वाक्य होतं, आता कसं होईल अशा अर्थाचं, तेही त्या तसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “म्या सांगतलं थे हाये का यात?” मी म्हणालो, “हो, आहे.” त्यांनी मान हलवली आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

बातमी लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, किंवा आता नाही. त्याला अर्ध्या स्तंभाची जागा असेल. त्या फोटोमुळे कदाचित कुठेतरी एखादी फाईल हललीही असेल. त्याच वर्षी मुंबईच्या फॅशन वीकला 512 अधिस्वीकृत पत्रकार होते आणि विदर्भातल्या आत्महत्यांवर लिहायला बाहेरून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हा हिशेब पी. साईनाथ यांनी तेव्हाच मांडला होता. म्हणजे आमच्याकडे आलेला तो माणूस निदान आला होता. दीपा भाटिया यांचा ‘निरोज गेस्ट्स’ हा 2009चा माहितीपट याच साईनाथांबद्दल आहे. त्याच्याही मध्यभागी पत्रकारच आहे, तरी तो मला ‘गांधी’तल्या वॉकरसारखा खुपत नाही. कारण तिथे प्रश्न फिरवलेला आहे. रोमच्या निरोने मेजवानीत उजेड पडावा म्हणून माणसं जाळली अशी जी कथा टॅसिटसने लिहून ठेवली आहे, तिच्यात साईनाथ निरोकडे बघत नाहीत. ते पाहुण्यांकडे बघतात. उजेडात जेवणारे ते लोक कोण होते? हा प्रश्न ते ज्या सभागृहात विचारतात, तिथली बसलेली माणसं कॅमेऱ्यात दिसत राहतात, आणि लॅपटॉपसमोर बसलेला मीही त्यात मोजला जातो. वॉकर मला असं कधी मोजत नाही. तो मला त्याच्या बाजूला, चांगल्या लोकांत उभं करतो आणि मोकळं सोडतो.

दुसरा एक रस्ता जांग हून यांच्या ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’ या 2017च्या कोरियन सिनेमाने घेतला आहे. 1980 सालच्या ग्वांगजूच्या उठावाचं चित्रण बाहेर काढणारा जर्मन पत्रकार युर्गेन हिंत्सपेटर त्यात आहे, पण गोष्ट त्याला सोलहून घेऊन जाणाऱ्या टॅक्सीवाल्याची आहे. भाड्याच्या लोभाने निघालेला, परत फिरू बघणारा माणूस. सिनेमा मध्येच गोळीबाराचा भव्य देखावा करतो आणि शेवटी टॅक्सींचा जो पाठलाग घालतो तो तर सरळ मसाला आहे. पण हिंत्सपेटर ज्याच्या गाडीतून गेला त्याला वर्षानुवर्षं शोधत राहिला, 2016मध्ये वारला, तोवर तो माणूस सापडला नाही, आणि सिनेमा आल्यावर त्या ड्रायव्हरच्या मुलाने पुढे येऊन सांगितलं की वडील 1984मध्येच गेले, हे कळल्यावर मला डुंगरी आठवलं. मिलरला वाट दाखवणाऱ्यांना तर कोणी शोधलंही नाही. त्या मे महिन्यात एका गोऱ्या माणसाला धारासणाची वाट सांगणं हा त्यांच्यासाठी धोका होता की नुसती करमणूक? त्यांना माहीत होतं का, तो तिथे काय बघणार आहे ते?

गेल्या दिवाळीत मी काकूंना ‘गांधी’ दाखवला, हिंदीतला. त्यांनीच विचारलं होतं, दिवसभर त्या डब्यात काय बघतोस म्हणून. मी सरांसारखंच केलं, पळवत पळवत आणलं आणि धारासणाला थांबू दिलं. त्या पदर तोंडाला लावून बघत होत्या. बाया जखमींना ओढून नेतात तिथे त्यांच्या तोंडून “अवो माय” एवढंच निघालं. मग वॉकर फोनवर ओरडायला लागला.

“हा कोनाले सांगून रायला?”

“अमेरिकेतल्या पेपरवाल्याइले.”

“मंग आपल्याइले कोनं सांगतलं?”

मला उत्तर सुचलं नाही. या सिनेमावर मी जेवढं काही वाचलं आहे, त्यात हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. जगाला धारासणा कळलं ते मिलरमुळे, हे ठरलेलं वाक्य. पण पन्नास दिवसांनी पुसदच्या जंगलात विळा घेऊन जाणाऱ्यांना काही न्यूयॉर्कच्या पेपरातून कळलं नव्हतं. जामिनाच्या धाकात निघणाऱ्या मराठी पत्रांतून, हातोहात फिरणाऱ्या पत्रकांतून, प्रभातफेऱ्यांतून, बाजाराच्या दिवशी आलेल्या माणसांकडून कळलं असणार. अशा सांगणाऱ्याला चेहरा द्यायचा तर मार्टिन शीन लागत नाही. ॲटनबरोंच्या सिनेमात लाखो माणसं आहेत. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी तीन लाखांच्या आसपास लोक जमवल्याचं सांगतात. पण बातमी एका देशी माणसाकडून दुसऱ्या देशी माणसाकडे जाते, असं दृश्य त्यात शोधावं लागतं. गांधींचं छायाचित्र घ्यायलाही शेवटी मार्गारेट बर्क-व्हाइटच येते. ती खरी होती आणि कँडिस बर्गनने तिचं काम छान केलं आहे, ते सोडा.

काकूंना मी काय सांगितलं? म्हणालो, इथल्या लोकांनीच एकमेकांना सांगितलं असेल. त्या म्हणाल्या, “असं.” मग सिनेमा पुढे चालू झाला.

पिक्चर संपल्यावर चहा झाला. 2006चा तो पेपर त्यांनी अजून ठेवला आहे का, हे मला विचारायचं होतं. तेव्हा मी खोटं बोललो हेही सांगायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, त्या वर्षी पहिली पेरणी कशानं उलटली होती? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली: मृगाचा पाऊस, मग बावीस दिवसांची उघडीप, दुबार पेरणीसाठी कुठे कुठे हात पसरले, कृषी केंद्रवाला काय म्हणाला. ड्रायव्हरने हॉर्न कसा वाजवला आणि मी पुढे कसा पळत होतो, तेही त्यांना लक्षात होतं. मी लॅपटॉपवर नवीन फाईल उघडली आणि त्या बोलतील तसं लिहीत गेलो. मध्ये एकदा त्यांनी मला थांबवलं आणि आधीची ओळ वाचून दाखवायला सांगितली.